विठ्ठलरावांचे तारण

कर्जमागणीचा अर्ज टेबलावर आला की माझी नजर आधी तारणाच्या रकान्याकडे जाई. बँकेतली सवयच ती. अर्जदार वाढत्या मागणीविषयी, नव्या यंत्राविषयी, वाढीव शेडविषयी उत्साहाने बोलत असे, आणि मी दोनच प्रश्न विचारत असे : तुमचे स्वतःचे किती आणि आमचे बुडाले तर काय? निवृत्तीनंतर विठ्ठलराव विखे पाटलांचे आयुष्य याच दोन प्रश्नांच्या अंगाने पुन्हा पाहिले, तेव्हा आपण इतकी वर्षे तारण चुकीच्या जागी शोधत होतो की काय, अशी शंका आली.

विठ्ठलरावांचा जन्म १८९७ चा, प्रवरेकाठच्या लोणीचा. शाळा जेमतेम. सावकारी पाशाची आठवण या मुलखात खोल होती. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या होत्या. पण वह्या जाळून पत निर्माण होत नाही. १९२३ साली विठ्ठलरावांनी लोणी बुद्रुकला सहकारी पतपेढी उभी केली. या पेढीने कर्ज दिलेच, त्याहून मोठे म्हणजे घेतलेले वेळेवर फेडण्याची सवय गावाला लावली. पुढचे सारे या सवयीवर उभे राहिले.

भंडारदऱ्याच्या धरणामुळे प्रवरेच्या कालव्यांना पाणी आले आणि ऊस वाढला. उसाचे करायचे काय, तर गूळ. प्रत्येक बागाईतदाराचे गुऱ्हाळ म्हणजे एक लहानसा धंदाच. पण सगळ्यांचा गूळ एकदम बाजारात येई, भाव पडे, आणि पावसाळ्यात पाणी सुटणारा माल साठवून ठेवायचीही सोय नसे. भाव अडत्याच्या हाती. जवळच खाजगी साखर कारखाने मात्र शेतकऱ्यांच्याच जमिनी खंडाने घेऊन ऊस पिकवत होते. अशा वेळी धंदा वाढवायचा म्हणजे आणखी एक काहील घ्यायची, असे कुणीही म्हटले असते. विठ्ठलरावांनी ओळखले, की काहिली कितीही वाढल्या तरी भाव ठरवणारा हात बदलत नाही. वाढ करायची तर ती थेट साखरेपर्यंत न्यायला हवी.

१९४५ साली बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, बागाईतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ. आराखड्याला गाडगीळांची विद्वत्ता मिळाली, सरकारात वैकुंठभाई मेहतांसारखा सहकाराचा जाणकार होता, आणि गावोगाव हिंडून भाग विकण्याचे काम विठ्ठलरावांनी अंगावर घेतले. ते सर्वांत अवघड होते. कारखाना आपली जमीन गिळेल, ही भीती लोकांना होती आणि ती निराधार नव्हती. पतपेढीतला वीस-बावीस वर्षांचा चोख व्यवहार तिथे कामी आला. १९४८ च्या अखेरीस संस्थेची नोंदणी झाली.

भांडवल कोणत्या क्रमाने उभे राहिले, ते धंदेवाल्यांनी मुद्दाम पाहावे. पाया सभासदांच्या भागांचा. त्याला जोड सरकारने घेतलेल्या भागांची. आणि यंत्रसामग्रीच्या मोठ्या खर्चासाठी नव्याने स्थापन झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाचे कर्ज. घरचे आधी, दारचे मागून.

मग तारण कोणते? इमारत आणि यंत्रे गहाण पडतातच, पण उसाविना ती लोखंडाची रास. खरे तारण होते सभासदाचा ऊस. ऊस घालणारा तोच मालक. म्हणून कच्चा माल ठरलेला. उसाचे पैसे कारखान्यातूनच मिळणार. म्हणून देणे जागच्या जागी कापून घेता येणार. पुढे सहकारी कारखान्यांनी उसाच्या भावातून ठेवी कापून विस्ताराचे भांडवल उभे केले, तेही याच वाटेने.

१९५० साली प्रवरानगरचा कारखाना सुरू झाला. अध्यक्षपद गाडगीळांकडे, उपाध्यक्षपद विठ्ठलरावांकडे. आपण उभारलेल्या घरात दुसऱ्या पाटावर बसायला मन मोठे लागते. शिवाय बाहेरच्या जगाला हिशेबाची खात्री कोणाच्या नावाने पटेल, याचा अंदाजही लागतो. १९६१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. १९८० साली ते गेले.

त्यांच्या मागोमाग महाराष्ट्रात असे कारखाने ठिकठिकाणी निघाले. त्यांतले काही अडचणीत आले, काही विकले गेले. उसाअभावी, उधळपट्टीने, राजकारणाने, अशी कारणे अनेक सांगता येतील. मला त्यात एक समान दिसते : इमारत प्रवरेसारखी बांधली, पण सभासदाला हिशेब विचारण्याची सवय कुणी लावली नाही. वरचे मजले चढले, १९२३ चा पाया राहून गेला.

प्रामाणिकपणे सांगतो, चाळीसच्या दशकात मी कर्ज अधिकारी असतो आणि लोणीचा हा प्रस्ताव माझ्यापुढे आला असता, तर मी तो परत पाठवला असता. कारण सभासदाचा शब्द लिहायला माझ्या छापील अर्जात रकानाच नव्हता. आजही ओळखीची तरुण मुले धंदा वाढवण्याचे बेत घेऊन सल्ल्याला येतात. शेडचा नकाशा ती आधी दाखवतात. मी तो बाजूला ठेवतो आणि म्हणतो, माल कोण देणार, कोण घेणार आणि तुमच्यावर विश्वास ठेवून स्वतःचे पैसे कोण घालणार, त्यांची यादी आधी आणा. बँकेत मग जाऊ.