बाबासाहेबांची व्याधींशी झुंज

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्वत्तेविषयी व संघर्षाविषयी आपण नित्य वाचतो, ऐकतो. मात्र या कार्यात त्यांचा देह किती झिजला, याचे स्मरण क्वचितच होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्या बाजूकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेल्या बाबासाहेबांनी न्यूयॉर्क व लंडन येथे अर्धपोटी राहून विद्या संपादन केली. विश्रांती त्यांना ठाऊकच नव्हती. संविधाननिर्मितीच्या काळात मधुमेह, रक्तदाब व पायांच्या तीव्र वेदना यांनी त्यांना ग्रासले. त्यांनी दुखणे झाकून ठेवले नाही, मुंबईचे डॉ. मालवणकर यांचे उपचार घेतले. मालवणकरांकडे काम करणाऱ्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी १५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत त्यांचा विवाह झाला. सविता अर्थात माईसाहेब या नावाने ओळखल्या गेलेल्या या डॉक्टर पत्नीने त्यांचे औषधपाणी व पथ्य सांभाळले.

१९५४ साली बाबासाहेब काही महिने अंथरुणाला खिळले. पुढे श्वास घेणेही कष्टाचे झाले, चालताना आधार लागू लागला, प्राणवायू देण्याची वेळ आली. तरीही ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे लेखन त्यांनी सोडले नाही. मार्च १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत त्यांनी पत्नी व डॉ. मालवणकर यांच्याविषयी कृतज्ञता नोंदविली. १४ ऑक्टोबर रोजी नागपुरात लाखोंसह धम्मदीक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये ते काठमांडूच्या बौद्ध परिषदेस गेले आणि ६ डिसेंबर रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. ग्रंथ १९५७ साली प्रसिद्ध झाला.

उपचारांनी व्याधी हटल्या नाहीत. पण त्यांच्या आधाराने लाभलेल्या वर्षांत धम्माचे कार्य उभे राहिले. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवर आजही धाप लागली की चुलीच्या धुराला, थंडीला किंवा वयाला बोल लावून दिवस काढले जातात. कोणी अंगारा आणतो, कोणी खर्चाच्या भीतीने गप्प राहतो. दोन आठवड्यांहून अधिक खोकला राहिला तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. जुन्नर व घोडेगावची ग्रामीण रुग्णालये, मंचरचे उपजिल्हा रुग्णालय आपल्यासाठीच आहे. क्षयरोगाचे उपचार सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.

बाबासाहेबांच्या प्रतिमेस पुष्पहार अर्पण करताना घरातील दमेकरी आईला, खोकणाऱ्या वडिलांना वेळेवर डॉक्टरांकडे नेणे, हेही त्यांना अभिवादनच होय, असे आम्ही मानतो.