उलटं चित्र सरळ वाचणारा माणूस

रिअल इमेज आणि व्हर्च्युअल इमेज हा टॉपिक आपल्या सगळ्यांचा दहावीतच 'झालेला' आहे. मराठी मीडियमची मुलं त्यांना वास्तव प्रतिमा आणि आभासी प्रतिमा म्हणतात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तरी मला हेच शब्द जास्त आवडतात. 'आभासी' म्हटलं की अर्थ लगेच पोचतो. पण हा फरक पहिल्यांदा नीट कोणी मांडला, असं वायव्हात विचारलं तर अर्धी बॅच न्यूटनचं नाव घेईल. उत्तर आहे योहानेस केप्लर. हो, ग्रहांच्या तीन नियमांचा तोच केप्लर! ते नियम सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून बाजूला ठेवते. मला सांगायचंय ते त्याच्या डोळ्यांबद्दल.

केप्लरचा जन्म २७ डिसेंबर १५७१ रोजी जर्मनीतल्या वाइल डेर श्टाट नावाच्या गावात झाला. वडील भाडोत्री सैनिक. एकदा घर सोडून गेले ते परत आलेच नाहीत. लहानपणीच त्याला देवी आल्या. जीव वाचला, पण हात अधू झाले आणि नजर कायमची बिघडली. लांबचं अंधुक दिसायचं, शिवाय एका वस्तूच्या जागी अनेक दिसायच्या. १५७७ साली आई कॅथरिनाने त्याला मोठा धूमकेतू दाखवला. ज्या पोराला चंद्रसुद्धा धड एक दिसत नाही, त्याने पुढे आकाशाचाच धंदा करावा, याला काय म्हणायचं!

स्कॉलरशिपवर तो ट्युबिंगेनला शिकला आणि १५९४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथे गणिताचा मास्तर झाला. १० जुलै १६०० रोजी तिथे सूर्यग्रहण दिसलं. केप्लरने ते बारीक भोकातून पडद्यावर पाडून मोजलं. त्यात एक जुनं कोडं होतं. टायको ब्राहे या मोठ्या खगोलशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं होतं, की अशा चित्रात ग्रहणाच्या वेळी चंद्र नेहमीपेक्षा लहान भरतो. आता चंद्र काय ग्रहणापुरता आकसतो?

केप्लरने काय केलं ते वाचून मला फार मजा वाटली. त्याने एक पुस्तक उंच ठेवलं. पुस्तक म्हणजे प्रकाश देणारी वस्तू. खाली अनेक कोपऱ्यांचं भोक असलेली फळी. मग पुस्तकाच्या एका कोपऱ्याला दोरा बांधला, तो भोकाच्या कडेकडेने फिरवला आणि जमिनीवर खूण करत गेला. दोरा म्हणजे प्रकाशाचा किरण! एका कोपऱ्यातून भोकाचा आकार उमटला. दुसऱ्या कोपऱ्यातून तसाच दुसरा. असे असंख्य आकार एकावर एक पडले की पुस्तकाचा आकार तयार होतो, फक्त कडा पसरट होतात. म्हणजे सूर्याचा उजेड कडेने चंद्राच्या काळ्या भागात घुसतो आणि चंद्र लहान दिसतो. चंद्र बिचारा आहे तेवढाच. ना लेन्स, ना लॅब. आमच्या जर्नलमधल्या एकाही प्रॅक्टिकलने मला इतकं शिकवलेलं नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये लुथरपंथी म्हणून त्याला ग्राझमधून हाकललं. तो प्रागला टायकोकडे गेला. १६०१ मध्ये टायको वारला आणि केप्लर सम्राट रुडॉल्फचा गणिती झाला. १६०४ मध्ये त्याचा प्रकाशावरचा ग्रंथ आला. तेराव्या शतकातल्या विटेलो नावाच्या पंडिताचं जे लिहायचं राहून गेलं ते आपण लिहितोय, अशा अर्थाचं नाव त्याने दिलं. थोडक्यात सांगायचं तर पुरवणी. फक्त ही पुरवणी चारशेहून जास्त पानांची होती!

आरशाचं कोडं त्यात आहे. सपाट आरशात वस्तू जितकी पुढे, तितकीच मागे दिसते, हे युक्लिडच्या काळापासून माहीत होतं. पण का दिसते? लोक नियम सांगून गप्प बसायचे. केप्लरने उत्तर आरशाऐवजी बघणाऱ्यात शोधलं. दोन डोळे आणि वस्तू यांचा त्रिकोण होतो आणि त्यावरून आपण अंतर ताडतो. एकच डोळा असेल तर बाहुलीची रुंदी त्रिकोणाचा पाया होते. किरण आरशावर वळून आलाय हे डोळ्याला कळत नाही. तो किरण सरळ मागे वाढवतो, आणि ते जिथे मिळतात तिथे वस्तू 'आहे' असं मानतो. तिथे प्रत्यक्षात भिंत असते, उजेडाचा कणही नसतो. अशा नुसत्या दिसणाऱ्या प्रतिमेला त्याने लॅटिनमध्ये 'इमॅगो' म्हटलं, आणि पडद्यावर खरोखर पडणाऱ्या चित्राला 'पिक्चुरा'. आपली आभासी आणि वास्तव प्रतिमा ती हीच.

मग तो डोळ्याकडे वळला. तोपर्यंत मोठमोठे विद्वान मानत, की डोळ्यातलं भिंगच बघण्याचं काम करतं. फेलिक्स प्लाटर या वैद्याच्या शरीरशास्त्राचा आधार घेऊन केप्लरने दाखवलं, की भिंग फक्त किरण गोळा करतं. चित्र पडतं ते मागच्या पडद्यावर, आणि तेही उलटं. मग जग सरळ कसं दिसतं? हा प्रश्न त्याने दुसऱ्यांवर सोडला. गणित उलटं म्हणतंय ना, मग उलटंच, असा त्याचा खाक्या. लांबचं अंधुक का दिसतं आणि चष्म्याने का सुधारतं, याचंही बरोबर कारण त्याने त्याच ग्रंथात दिलं. तोवर चष्मे तीनशे वर्षं विकले जात होते!

आता परीक्षेत सापळा म्हणून येणारा मुद्दा. 'सपाट आरसा नेहमी आभासी प्रतिमाच देतो' हे अर्धवट आहे. वस्तूकडून पसरत येणाऱ्या किरणांसाठी ते खरं. पण किरण आधीच एका बिंदूकडे जुळत चालले असतील आणि मध्ये आरसा घातला, तर ते वळून आरशाच्या पुढे जुळतात, आणि कागद धरला तर चित्र मिळतं. २० सेंमी फोकसचं भिंग खिडकीसमोर धरा, बाहेरच्या झाडाचं उलटं चित्र कागदावर घ्या. मग भिंगापासून १० सेंमीवर छोटा आरसा तिरका धरा. चित्र बाजूला, आरशापासून १० सेंमीवर मिळेल. न्यूटनने १६६८ मध्ये केलेल्या दुर्बिणीतला तिरका सपाट आरसा हेच करतो, आणि सेमिनार हॉलच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेल्या ओएचपीचाही.

१६११ मध्ये केप्लरचं भिंगांवरचं पुस्तक निघालं. दोन बहिर्वक्र भिंगांची दुर्बीण त्यातलीच. तिच्या नळीच्या आत वास्तव प्रतिमा तयार होते. पण त्याच वर्षी त्याचा सहा वर्षांचा मुलगा फ्रीडरिश गेला, देवीनेच. पाठोपाठ बायको बार्बरा गेली.

१६१५ मध्ये त्याच्या आईवर चेटकीण असल्याचा आळ आला. १६२० मध्ये सत्तरी उलटलेल्या बाईला अटक करून साखळदंडात ठेवलं. केप्लर कामधाम सोडून गेला आणि बचाव त्याने स्वतः चालवला. साक्षीदाराने काय पाहिलं आणि त्याला काय वाटलं, हे तो वेगळं करत गेला, दुखण्यांची साधी कारणं देत गेला. मला यात तो दोरा घेऊन बसलेला केप्लरच दिसतो. चौदा महिन्यांनी, १६२१ मध्ये आई सुटली; १६२२ मध्ये वारली.

त्याचा पगार वर्षानुवर्षं थकलेला होता. ती वसुली करायला तो १६३० च्या हिवाळ्यात रेगेन्सबुर्गला गेला, तापाने आजारी पडला आणि १५ नोव्हेंबरला तिथेच गेला. गावाबाहेरच्या दफनभूमीत त्याला पुरलं. पुढच्या दोन-तीन वर्षांत युद्धात ती दफनभूमीच उद्ध्वस्त झाली, आणि कबर नेमकी कुठे होती ते आज सांगता येत नाही.