कविवर बनारसीदास : तोट्याचा जमाखर्च मांडणारा व्यापारी

जैन वाङ्मयात आचार्यांची, मुनींची चरित्रे विपुल आहेत. परंतु दुकानाच्या गादीवर बसणाऱ्या, उधारी करणाऱ्या, मालात खोट खाणाऱ्या एका सामान्य श्रावकाने स्वतःच लिहून ठेवलेले जीवनचरित्र शोधू गेल्यास प्रथम आठवतात ते आग्र्याचे कविवर बनारसीदास. ‘समयसार नाटक’ या त्यांच्या ग्रंथामुळे त्यांचे नाव अनेक घरांतून परिचित आहे. त्यांच्या व्यापाराची कथा मात्र फारशी सांगितली जात नाही.

विक्रम संवत १६४३ मध्ये, म्हणजे इ.स. १५८६ च्या सुमारास, जौनपूर येथे एका श्रीमाळ कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील खडगसेन हे जवाहिरे. आजोबा मूलदास माळव्यात एका मोगल सरदाराचे मोदी होते. ते वारले तेव्हा सरदाराने घरदार जप्त केले आणि आजी लहानग्या खडगसेनांना घेऊन जौनपूरला माहेरी आली. सत्तेच्या एका शब्दासरशी पिढीची कमाई जाते, हा अनुभव या घराला तेव्हापासूनचा. पुढे इ.स. १५९८ च्या सुमारास तो पुन्हा आला. जौनपूरच्या नवाब किलीच खानाने शहरातील सर्व जवाहिऱ्यांना कोंडले, फटके मारले. सुटका होताच जो तो मुलेबाळे घेऊन पळाला. खडगसेन शहजादपूरला आले, तेव्हा तेथील एका वाण्याने आपले भरले घर त्यांना राहावयास मोकळे करून दिले.

याच पळापळीच्या दिवसांत बाल बनारसीने कवड्यांची खरेदी-विक्री करून पहिली कमाई केली व ती आजीच्या हातावर ठेवली. आजीने तिची मिठाई आणून वाटली. नातवाच्या चार टक्यांचे केवढे कौतुक!

तारुण्यात मात्र त्यांचे मन दुकानात रमले नाही. पंडितांकडे अध्ययन, शृंगाराची काव्यरचना आणि प्रेमप्रकरणे यांतच दिवस जाऊ लागले. फार वाचणे हे ब्राह्मण-भाटांचे काम, वाण्याच्या मुलाने बाजारात बसावे, असे घरातील वडीलधारे समजावीत. त्या सांगण्यात काळजी होती, पण मुलाच्या अंगी असलेल्या गुणाची पारख नव्हती, असेच म्हणावे लागेल. कष्टाविना धन मिळविण्याचा मोहही त्यांना झाला. एका संन्याशाने दिलेला मंत्र त्यांनी वर्षभर गुप्तपणे जपला. वर्ष भरताच रोज दारात एक सुवर्णमुद्रा सापडेल, असे त्याचे आश्वासन होते. वर्ष सरले, दार पाहिले, मुद्रा नव्हती. इ.स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता ऐकून ते जिन्यावरून कोसळले व डोके फुटले. पुढे त्यांनी आपली शृंगारकाव्याची पोथी स्वहस्ते गोमतीत सोडून दिली आणि वृत्ती हळूहळू पालटली.

इ.स. १६१० च्या सुमारास खडगसेनांनी विश्वासाने मुलाच्या हाती माल दिला : माणके, नीलम, पाचू, शिवाय वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले व दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड. यातील काही माल उधारीचा होता. पावसाचिखलातून गाड्या हाकीत ते आग्र्यास पोहोचले. पुढे जे घडले ते वाचताना कोणाही व्यापाऱ्याच्या पोटात कालवेल. कापड, तूप, तेल तोट्यात गेले. काही रत्ने इजारीच्या नाडीत बांधली होती, ती कोठे गळाली ते कळलेच नाही. कपड्यात बांधून ठेवलेली माणके उंदरांनी पळविली. ही बातमी पत्राने जौनपूरला पोहोचली तेव्हा खडगसेनांचा सारा संताप पत्नीवर निघाला. धंद्यातील खोट वहीपुरती राहत नाही, ती स्वयंपाकघरापर्यंत जाते.

इकडे बनारसीदास रात्री ‘मधुमालती’ व ‘मृगावती’ या कथाकाव्यांचे वाचन करीत. दहा-वीस माणसे ऐकावयास जमत. त्यांत एक कचोरीवालाही होता. त्याच्याकडून ते उधारीवर कचोऱ्या घेत. महिन्याने त्याला एकीकडे बोलावून त्यांनी आपली स्थिती स्वच्छ सांगितली व पुढे उधार न देण्यास सुचविले. त्याने उलट वीस रुपयांपर्यंत खुशाल खा, असा धीर दिला. अनेक महिन्यांचा हिशेब चौदा रुपये झाला आणि तो पुढे चुकता करण्यात आला. त्या थोर माणसाचे नाव ग्रंथात नाही, ही चुटपुट वाचकाला लागून राहते.

नंतरच्या भागीदारीत कमाई आणि खर्च यांची तोंडमिळवणी झाली, शिल्लक शून्य. रिकाम्या हाताने ते सासुरवाडीस खैराबादला गेले. पत्नीने दोष दिला नाही. स्वतः साठविलेले वीस रुपये तिने पतीपुढे ठेवले, आणि आपल्या आईला विश्वासात घेऊन आणखी दोनशे रुपये मिळवून दिले. त्या भांडवलावर कापड व मोती घेऊन ते पुन्हा आग्र्यास आले. मोत्यांनी फायदा दिला. बाजार बसल्याने कापडाने पुन्हा दगा दिला. (कापडाचा धंदा तेव्हाही असाच होता!) ही पत्नी पुढे बाळंतपणानंतर वारली. तिच्या निधनाची वार्ता आणि तिच्याच बहिणीशी सोयरीकीचा प्रस्ताव एकाच न्हाव्याने एकाच वेळी आणला.

पुढे नरोत्तमदास या जिवलग मित्रासह त्यांनी पाटणा, बनारस येथे व्यापार केला. भागीदारीचा हिशेब मिटविण्यासाठी साहू सबलसिंगांच्या हवेलीवर ते रोज जात. परंतु तेथे पखवाज घुमत असे, गाणे चालू असे. वही उघडावयास धन्याला सवड नव्हती. अखेरीस त्यांच्याच आप्तांपैकी अंगदास यांनी मध्यस्थी केली आणि महिनोन्‌महिने रखडलेले काम थोड्या वेळात उरकून फारखत झाली.

संवत १६८० पासून ते अध्यात्माकडे वळले. राजमल्लांची ‘समयसारा’वरील टीका वाचून प्रथम क्रियाकांडच निरर्थक वाटू लागले व लोकनिंदाही झाली. संवत १६९२ मध्ये पंडित रूपचंदांच्या ‘गोम्मटसार’ विवेचनाने मन स्थिरावले आणि दुसऱ्याच वर्षी ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले. तीन विवाह झाले, नऊ अपत्ये झाली. एकही जगले नाही.

इ.स. १६४१ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, मनुष्याचे आयुष्य ११० वर्षांचे धरून त्यांनी आपली अर्धी कथा ‘अर्धकथानक’ या नावाने पद्यात लिहिली. मुंबईच्या हिंदी ग्रंथरत्नाकरातर्फे नाथूराम प्रेमी यांनी इ.स. १९४३ मध्ये ती प्रसिद्ध केली. शेवटी त्यांनी स्वतःचे गुण आणि दोष असे दोन्ही रकाने भरले आहेत. त्यात नफ्याने हर्ष व तोट्याने शोक होतो, धनाचा लोभ सुटत नाही, आणि एकांत मिळाला की आपण नाचू लागतो, हेही नमूद आहे. उरलेली अर्धी कथा लिहिण्यास आयुष्य पुरले नाही. इ.स. १६४४ मध्ये त्यांच्या स्फुट रचना ‘बनारसी विलास’ या नावाने एकत्र करण्याचे काम आग्र्याच्या जगजीवन यांनी केले.