मराठीचे फ्रेंच अभ्यासक : ज्यूल ब्लॉक

फ्रेंच भाषेत प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवणे ही गोष्ट आपल्यापैकी बहुतेकांना फार दूरची वाटते. कुळगावहून मुंबईला कॉलेजसाठी जाणेसुद्धा ज्यांच्या घरी नवलाचे होते, त्यांना पॅरिस म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातला एक ठिपकाच. पण विसाव्या शतकाच्या आरंभी एका फ्रेंच माणसाने आपल्या मराठीवर फ्रेंच भाषेत प्रबंध लिहिला आणि पॅरिसमध्ये डॉक्टरेट मिळवली. भाषाशास्त्राच्या तासाला ज्यांचे नाव हटकून येते, त्या ज्यूल ब्लॉक यांची ही गोष्ट.

ब्लॉक यांचा जन्म 1880 साली पॅरिसमध्ये एका ज्यू कुटुंबात झाला. त्या काळी पॅरिस हे भाषाभ्यासाचे मोठे केंद्र होते. संस्कृत आणि बौद्ध वाङ्मयाचे थोर पंडित सिल्व्हाँ लेव्ही आणि तौलनिक भाषाशास्त्राचे आचार्य आंत्वान मेये हे दोन गुरू ब्लॉक यांना लाभले. लेव्हींनी त्यांना भारत दिला आणि मेये यांनी पद्धत दिली, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. संस्कृतमधील नामवाक्यावर, म्हणजे क्रियापद नसलेल्या वाक्यावर, त्यांनी तरुणपणीच अभ्यास केला. पण संस्कृतवर ते थांबले नाहीत. जुनी भाषा ग्रंथांत कशी आहे, एवढ्यावर त्यांचे समाधान होईना. ती लोकांच्या तोंडी बदलत बदलत आज कुठे येऊन पोहोचली, हे त्यांना हवे होते.

त्यासाठी ते हिंदुस्थानात आले. दक्षिणेत राहून त्यांनी तमिळ बोलींकडे लक्ष दिले आणि जातीजातींच्या बोलण्यात फरक कसा पडतो यावर 1910 साली लेख लिहिला. प्रबंधासाठी मात्र त्यांनी मराठी निवडली. मोल्सवर्थचा मोठा शब्दकोश तयार होता, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भाषाविषयक व्याख्याने झाली होती, ज्ञानेश्वरीसारखा जुना ग्रंथ आणि शिलालेख हाताशी होते. इतका लांबचा लेखी पुरावा असलेली देशी भाषा अभ्यासकाला सहसा सापडत नाही.

फ्रान्समधील त्या वेळच्या डॉक्टरेटची रीत कडक होती. प्रबंध छापून द्यावा लागे आणि परीक्षकांसमोर, सर्वांदेखत, त्याचे समर्थन करावे लागे. ब्लॉक यांचा प्रबंध 1914 साली पुरा झाला. त्याच वर्षी पहिले महायुद्ध पेटले आणि पुस्तकांतला हा माणूस आघाडीवर गेला. त्यामुळे ‘ला फॉर्मासियाँ द ला लांग मारात’, म्हणजे मराठी भाषेची घडण, हा ग्रंथ वाचकांच्या हाती येण्यास 1920 साल उजाडले.

या ग्रंथात आहे तरी काय? एक साधे उदाहरण घेऊ. संस्कृत ‘सप्त’ प्राकृतात ‘सत्त’ झाले. मराठीने जोडाक्षरातला एक ‘त’ टाकला आणि त्याच्या बदली आधीचा स्वर लांब केला. म्हणून आपण ‘सात’ म्हणतो. ‘हस्त’चा ‘हात’ आणि ‘कर्म’चे ‘काम’ असेच झाले. पंजाबीने ‘सत्त’ जपून ठेवले. उल्हासनगरच्या बाजारात सिंधी दुकानदार मोजताना ‘सत’ म्हणतो, तेव्हा त्याचा स्वर आखूडच राहतो. दुसरे उदाहरण ‘क्षेत्र’ या शब्दाचे. हिंदीत त्याचे ‘खेत’ झाले आणि आपल्याकडे ‘शेत’. ‘मक्षिका’ तिकडे ‘मक्खी’, इकडे ‘माशी’. एका शब्दात झालेला बदल योगायोग मानता येईल; पण शब्दामागून शब्द त्याच वाटेने जाऊ लागले की तो नियम ठरतो. असे शेकडो शब्द तपासून ब्लॉक यांनी मराठीची वाट संस्कृतपासून प्राकृतातून आजवर आखून दाखवली.

हे वाचताना मला माझे घर आठवले. आमच्या घरी ‘पाणी’ म्हणताना ‘ण’ उमटत नाही. आजी ‘पानी’ म्हणते, ‘कोन’ म्हणते, ‘लोनी’ म्हणते. शाळेत याच ‘न’साठी मला एकदा वर्गात उभे केले होते. त्या दिवसापासून मी घरी एक आणि बाहेर एक अशा दोन भाषा बोलू लागलो. प्रमाण भाषा शिकायलाच हवी, याबद्दल माझी तक्रार नाही. परंतु आजीचा ‘न’ एका शब्दापुरता चुकलेला नाही; जिथे जिथे ‘ण’ यायचा तिथे तिथे तो येतो. म्हणजे तिच्या बोलण्यालाही नियम आहे. ज्याला मी घाण समजून लपवत होतो, त्यात शास्त्र होते. ब्लॉक यांच्या पद्धतीने मला हे शिकवले.

ब्लॉक यांचा ग्रंथ फ्रेंचमध्ये असल्यामुळे ज्यांच्या भाषेचा तो इतिहास, त्या बहुतेक मराठी माणसांना तो वाचता येत नव्हता. ही अडचण दूर केली पुण्याचे प्रा. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी. त्यांनी स्वतः पॅरिसला जाऊन कात्यायनाच्या वार्तिकांवर फ्रेंचमध्ये प्रबंध लिहिला होता; तो 1922 साली छापला गेला. पुढच्याच वर्षी प. ल. वैद्य यांचा आर्यदेवावरील फ्रेंच प्रबंध पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे मराठी मुलांनी ही वाट पूर्वीच तुडवलेली आहे! परांजपे यांनी आपली फ्रेंच पदवीपुरती ठेवली नाही. ब्लॉक यांच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर करून त्यांनी ते 1941 साली ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने वाचकांना दिले. इंग्रजी भाषांतर त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, 1970 साली निघाले.

इकडे ब्लॉक यांचे काम वाढतच होते. 1934 साली त्यांनी वेदकाळापासून आजपर्यंतच्या भारतीय आर्यभाषांचा इतिहास लिहिला. 1937 साली ते कॉलेज द फ्रान्स या मानाच्या संस्थेत संस्कृतचे प्राध्यापक झाले. पण 1940 साली जर्मनांनी फ्रान्स जिंकला आणि ज्यूंना सरकारी अध्यापनातून दूर करणारा कायदा झाला. साठीला आलेल्या या ज्यू पंडिताला तो काळ कसा गेला असेल, याची कल्पनाच करावी. युद्ध संपल्यावर 1946 साली त्यांचे द्राविडी भाषांच्या व्याकरणावरील पुस्तक आले, 1950 साली अशोकाच्या शिलालेखांवरील आले आणि 1953 साली जिप्सींवरील. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले.

ब्लॉक यांनी मराठीला कुठे हीन ठरवले नाही, की डोक्यावर घेऊन मिरवले नाही. त्यांनी तिची नीट तपासणी केली, आणि मला वाटते, भाषेचा याहून मोठा सन्मान नाही. पॅरिसहून आलेल्या माणसाने आपल्या शब्दांचा माग काढला. आपल्या कल्याण-कर्जत पट्ट्यातल्या आगरी, ठाकरी, कातकरी बोलींचा असाच बारकाईने माग आपल्यापैकी कुणी तरी काढायला हवा. त्यासाठी प्रबंध लिहावा लागला तर लिहावा, फ्रेंच शिकावी लागली तर तीही शिकावी. सुरुवात मात्र घरापासून करता येते. मी वही केली आहे. तिच्यातला पहिला शब्द आजीचा आहे : पानी.

द्वितीय वर्ष कला