माथियास सिंडेलार

माथियास सिंडेलार (जन्म : १० फेब्रुवारी १९०३, कोझलाउ, मोराव्हिया, मृत्यू : २३ जानेवारी १९३९, व्हिएन्ना) हे ऑस्ट्रियाचे विख्यात फुटबॉलपटू होते. किरकोळ अंगकाठीमुळे व्हिएन्नाकर त्यांना 'कागदी' म्हणत.

जीवन

त्यांचे बालपण व्हिएन्नातील फावोरिटेन या कामगारवस्तीत गेले. गवंडीकाम करणारे वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले आणि आईने धुणी धुऊन घर चालवले. १९१८ मध्ये ते हेर्था व्हिएन्ना या क्लबात दाखल झाले. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर ते धक्काबुक्की टाळू लागले. त्यांच्या खेळाचे वळण बऱ्याच अंशी येथूनच पडले असावे. १९२४ पासून अखेरपर्यंत ते, पुढे ऑस्ट्रिया व्हिएन्ना नाव धारण केलेल्या क्लबाकडून खेळले.

खेळाची पद्धत

त्या काळी सेंटर फॉरवर्डने गोलजाळ्यासमोर ठाण मांडून गोल करावेत, अशी अपेक्षा असे. सिंडेलार मात्र मागे सरकून चेंडू घेत. त्यांच्यावर नेमलेला बचावपटू पाठोपाठ आला, की मागे मोकळी जागा पडे आणि तीत आन्टोन शाल, योहान होर्वाट हे आतले आघाडीपटू घुसत. गोलांची वाटणी आकड्यांतही दिसते : सिंडेलार यांचे ४३ आंतरराष्ट्रीय सामन्यांत २६ गोल, तर शाल यांचे २८ सामन्यांत २७. तरीही संघाचा कणा सिंडेलारच मानले जातात आणि ते योग्यच आहे.

प्रशिक्षक ह्यूगो माइस्ल यांच्या या 'वुंडरटीम'ने १६ मे १९३१ रोजी स्कॉटलंडला ५-० असे नमवले. १९३२ मध्ये हंगेरीवरील ८-२ या विजयात शाल यांनी ४, तर सिंडेलार यांनी ३ गोल केले. मात्र १९३४ च्या विश्वचषकात, मिलानच्या चिखलमय मैदानावरील उपांत्य सामन्यात इटलीच्या लुइस मोंटी यांनी त्यांना जखडून ठेवले व ऑस्ट्रिया ०-१ अशी हरली. सूत्रधारच अडला, की अशी रचना कोलमडते.

अखेरची वर्षे

जर्मनीने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यावर ३ एप्रिल १९३८ रोजी उभय संघांत सामना झाला. तो ऑस्ट्रियाने २-० असा जिंकला; सिंडेलार व कार्ल सेस्टा यांनी गोल केले. पुढे सिंडेलार जर्मन संघाकडून खेळले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी एक कॅफे विकत घेतला. नाझी राजवटीमुळे तो विकणे यहुदी मालकास भाग पडले होते, ही बाब त्यांच्या गौरवगाथांत अनेकदा वगळली जाते.

त्यांचा व मैत्रीण कामिला कास्टान्योला यांचा मृत्यू कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेने झाला. आत्महत्या वा घातपाताचे तर्क सिद्ध झालेले नाहीत. व्हिएन्नाच्या मध्यवर्ती दफनभूमीत त्यांची कबर आहे.