सिनेमाची गाणी नको म्हणणारे मंत्री

केडगावातून नगरला कॉलेजला निघालात की कानात हेडफोन असतोच. आता कल्पना करा, दिल्लीतल्या एका मंत्र्यानं ठरवलं की पोरांनी फिल्मी गाणी ऐकायची नाहीत, शास्त्रीय ऐकायचं. हसू येतंय? पण असं झालंय, आणि ते मंत्री आपल्या पुण्यात जन्मलेले होते.

बाळकृष्ण विश्वनाथ केसकर, जन्म १९०३. काशी विद्यापीठात शिकले, पुढे पॅरिसला जाऊन डॉक्टरेट घेऊन आले. स्वतः धृपद शिकलेला माणूस. १९५२ साली ते माहिती व प्रसारण मंत्री झाले आणि पुढची दहा वर्षं आकाशवाणी त्यांच्या हातात राहिली.

त्यांची काळजी खोटी नव्हती बरं का. संस्थानं विलीन झाली होती. अल्लादियाखाँसाहेबांना कोल्हापूर दरबारानं सांभाळलं, तसं सांभाळणारं आता कोण उरलं होतं? केसकरांचं उत्तर होतं, रेडिओ. १९५२ मध्येच शनिवारी रात्रीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम सुरू झाला, १९५४ पासून रेडिओ संगीत संमेलन. ज्यानं उभ्या जन्मात मैफलीचं तिकीट काढलं नसतं, तो आपल्या ओसरीवर बसून मोठमोठे गवई ऐकू लागला. रविशंकरांच्या हाताखाली वाद्यवृंदही उभा राहिला. कलाकारांना आकाशवाणीवर गाण्यासाठी ऑडिशन आणि ग्रेड आली. नावाजलेल्या मंडळींनाही परीक्षेला बसवल्यावर जे व्हायचं ते झालं, भरपूर रुसवेफुगवे.

फिल्मी गाण्यांवर त्यांनी सरसकट बंदीचा कागद काढला, असं मात्र नाही. आधी वेळ कमी केला, मग गाण्यासोबत सिनेमाचं नाव सांगणं थांबवलं, कारण म्हणे ती फुकटची जाहिरात. निर्माते चिडले, त्यांनी गाणी वाजवायची परवानगीच काढून घेतली. आकाशवाणीवरून फिल्मी गाणी गायब!

मग लोकांनी काय केलं? तुम्ही केलं असतंत तेच. रेडिओची सुई फिरवली. रेडिओ सिलोनचा शॉर्टवेव्हवरचा आवाज इथे खणखणीत यायचा. १९५२ च्या अखेरीस तिथे ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. अमीन सयानी मुंबईत रेकॉर्डिंग करायचे, टेप कोलंबोला जायची आणि तिथून गाणी परत आपल्याच घरात. एवढा वळसा घालून लोक ऐकत होते, यातच केसकरांचा हिशेब कुठं चुकला ते कळतं. गाणं शिकवता येतं, त्यासाठी दुसरं हिसकावून घेऊन भागत नाही. त्यांनी उघडलेली मैफल मात्र मला आजही मोठी वाटते.

शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीनं विविध भारती सुरू केली. केसकर तेव्हाही मंत्रीच होते. १९६२ च्या निवडणुकीत ते पडले, नंतर नॅशनल बुक ट्रस्टचे अध्यक्ष झाले. १९८४ साली ते वारले, तोवर ट्रान्झिस्टर घरोघरी पोचला होता आणि पानटपरीवर विविध भारती वाजत होती.