पुणतांब्याचा रॉक

रॉक म्हणजे परदेशातलंच, हा माझा कॉन्व्हेंटी समज. सुट्टीला घरी जाताना कोपरगावनंतर पुणतांबा स्टेशन लागतं ना, त्याच गावी १९१८ साली रामचंद्र चितळकर जन्मले. विनायकबुवा पटवर्धनांकडे शास्त्रीय गाणं शिकले, हिरो म्हणून आपटले, मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटी वाजवू लागले. पुढे तेच सी. रामचंद्र! 'अलबेला'त (१९५१) बोंगो घुमवला, भगवानदादांसाठी स्वतः गायले, तेही नुसतं 'चितळकर' या नावाने. १९५७ च्या 'आशा'त 'ईना मीना डीका', म्हणजे चक्क रॉक अँड रोल. आणि १९६३ मधल्या 'ऐ मेरे वतन के लोगो'ची चालही यांचीच! मला तर पटेचना. १९८२ मध्ये ते गेले.

यंदा गॅदरिंगला 'ईना मीना'वर अख्खं हॉस्टेल नाचलं. संगीतकाराचं नाव मात्र अनाउन्सरला, म्हणजे मलाच, माहीत नव्हतं.